मुंबई ते नागपूर: अंतर ६८० किलोमीटर, मग दीड तास कसला लागतो?

नमस्कार मंडळी, काय म्हणताय, चहा झाला का? आज विषय साधाच आहे, पण परवा भाच्याने फोनवर माझं डोकं खाल्लं म्हणून तुमच्यापुढे आणतोय.

तो नागपूरचा. मी मुंबईहून त्याच्याकडे जाणार होतो. त्याने मोबाईलवर बघितलं, दोन्ही एअरपोर्टमधलं सरळ रेषेत अंतर साधारण ६८० किलोमीटर, तिकिटावर वेळ दीड तास, आणि केला भागाकार. म्हणे, "मामा, हे तर ताशी साडेचारशेच झाले, विमान आठशेनं उडते म्हणते ना, फसवून राह्यले आपल्याला!"

आता गणित बरोबरच होतं पोराचं. पण तिकिटावरची वेळ ही नुसती हवेतली नसते हो, विमान गेटवरून हललं की घड्याळ सुरू आणि तिकडे पार्किंगला जाऊन थांबलं की बंद. मुंबईत दोन रनवे आहेत खरे, पण ते एकमेकांना छेदतात त्यामुळे एका वेळी एकच वापरायचा, म्हणजे संध्याकाळी सिग्नलला रिक्षा लागतात तशी विमानांची लाइन, आणि तुम्ही आत बसून विमानाच्या पंखाकडे बघताय.

बरं, उडालं एकदाचं, तर कुठे जातं? नागपूर पूर्वेला आणि विमान बहुतेक वेळा पश्चिमेला, जुहूवरून थेट अरबी समुद्रावर! कारण वारा समोरून घेऊन उडावं लागतं आणि इथे वारा जास्त करून समुद्राकडून येतो. मग वळसा घालून परत गावाकडे तोंड. पहिल्यांदा खिडकीत बसलेला माणूस हमखास विचारतो, आपण बरोबर विमानात बसलोय ना?

पुढे वर चढायला पंधरा-वीस मिनिटं, आणि उतरायला तर दीड-दोनशे किलोमीटर आधीपासूनच सुरुवात करतात. दहा हजार फुटांखाली वेगाची मर्यादा आहे, २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर. तो आठशेचा वेग मिळतो मध्ये थोडाच वेळ, तेवढ्यात ती ट्रॉली येते, चहा देते आणि कप गोळा करते.

रेल्वेने हेच अंतर ८३७ किलोमीटर बरं का, इगतपुरी, मनमाड, भुसावळ, अकोला करत, आणि समृद्धीने ७०१, तेही मुंबईत नाही, भिवंडीजवळ आमण्यापर्यंत. झिरो माईलचा दगड ज्या गावात, त्याच गावाची तीन अंतरं!

परत येताना वेगळीच गंमत, हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून येतात म्हणून मुंबईला यायला जरा जास्त वेळ लागतो, त्यात मुंबईवर गर्दी असेल तर हवेतच घिरट्या, एक फेरी साधारण चार मिनिटांची. खाली दिवे दिसतात, लोक बॅगेकडे हात नेतात आणि विमान पुन्हा वळतं.

हे सगळं धरून कंपन्या वेळ थोडी वाढवूनच छापतात, त्यामुळे लाइन लागली नाही तर विमान लवकर पोचतं. त्या दिवशी तसंच झालं, आम्ही सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, पंधरा मिनिटं आधी उतरलो. भाचा मात्र तिकिटावरची वेळ बघून घरून निघालेला, मग मी बाहेर बॅग धरून उभा, आणि फोनवर साहेब, "मामा, आलोच ना, पाच मिनिटं!"