दगड कुठं उभा होता?

नमस्कार मंडळी. माझ्या हातून झालेल्या एका चुकीपासून सुरुवात करतो, कारण जुन्या दगडांचे आणि वास्तूंचे फोटो कसे घ्यावेत याबद्दलचं पुढचं सगळं बोलणं तिच्याशीच बांधलेलं आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वी आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या एका गावात मी वीरगळांचे, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीसाठी उभारलेल्या कोरीव दगडांचे, फोटो काढले. भैरोबाच्या देवळासमोर, पाराला लागून चार वीरगळ ओळीनं उभे होते. दिवसभर थांबलो. सकाळी आणि संध्याकाळी असा दोनदा कॅमेरा लावला आणि एकेक दगड चौकटीत काठोकाठ भरेल असा घेतला. सात-आठ वर्षांनी परत गेलो, तर देवळाचा जीर्णोद्धार झालेला. पार गेला होता, आवारात फरशी बसली होती. वीरगळ मागच्या भिंतीला टेकवलेले, त्यातला एक आडवा, सिमेंटमध्ये निम्मा बुजलेला. कोणता दगड कुठं होता, कोणाचं तोंड कुठल्या दिशेला होतं, हे माझ्या एकाही फोटोत नव्हतं. दगड होते, जागा नव्हती.

आणि वीरगळाची जागा म्हणजे त्याचा निम्मा मजकूर. हा दगड खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत पडलेला वीर किंवा त्यानं राखलेली गुरं, वर लढाई, त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन चाललेल्या, आणि शेवटी शिवलिंगाची पूजा. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही कीर्ती राहो. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर त्या माणसाचं नाव कोरलेलं नसतं. मग तो कुणाचा? तर ज्या वेशीत, ज्या शिवेवर, ज्या देवळापुढं तो उभा आहे तिथल्या माणसाचा. जागा हलली की तेवढाही पत्ता पुसला जातो.

म्हणून आता मी पहिला फोटो दगडाचा घेत नाही. आधी वीस पावलं मागं जातो. देऊळ, झाड, वाट, मागचा डोंगर सगळं येईल असा एक घेतो. मग चारी बाजूंनी फिरून घेतो. वहीत छोटा नकाशा काढतो, उत्तर कुठं ते लिहितो, तारीख-वेळ लिहितो. मोजपट्टी ठेवून एक, मोजपट्टीशिवाय एक. त्यानंतर मग कोरीवकामाकडं वळायचं.

तिथं सगळा खेळ उजेडाचा. आपला दगड बेसाल्ट, काळा कातळ. शेकडो पावसाळ्यांनी कोरीवकाम झिजलेलं असतं. समोरून ऊन पडलं किंवा कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मारला, की सगळं सपाट. तोच दगड सकाळच्या तिरप्या उन्हात बघा, घोड्याचा लगामसुद्धा दिसतो. वाईजवळच्या किकलीला भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात वीरगळ मोठ्या संख्येनं आहेत. तिथं एकदा सूर्य उगवल्यापासून थांबून बघा. उजेड जसा सरकतो तसा एकेक दगड जागा होतो आणि परत मिटतो. ऊन मिळणार नसेल तर अंधार पडल्यावर साधी बॅटरी घ्या, कॅमेरा ट्रायपॉडवर लावा आणि बॅटरी अगदी बाजूनं, दगडाला जवळजवळ घासून धरा. पण कोरीवकाम उठून दिसावं म्हणून खडू फिरवणं, तेल चोळणं हे कृपा करून नको. शेंदूर असेल तर तो खरवडायचा नाही. तो गावाच्या श्रद्धेचा आहे. त्याच्यासकट फोटो घ्या.

उन्हाबद्दल आणखी थोडं, कारण ते कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत सापडणार नाही. सातारा साधारण 17.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे उत्तरेकडं तोंड असलेल्या भिंतीला थेट ऊन मिळतच नाही. तुम्ही डिसेंबरात जाता, हवा स्वच्छ, आभाळ निळं, आणि नेमकी तीच भिंत सावलीत. तिच्यावर सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन येतं ते उन्हाळ्यात. जूनमध्ये ढग येतात, म्हणजे हातात राहतो मे. गावातल्या प्रत्येक जुन्या भिंतीचा असा एकेक महिना असतो.

साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर तुम्हा सगळ्यांची बघितलेली आहे. वीरूबाई भोसले यांनी शके 1641 ते 1646, म्हणजे 1719 ते 1724 या काळात बांधली. खोली सुमारे 110 फूट, व्यास 50. वरून फोटो काढला की काठ पांढराफटक आणि तळ काळाकुट्ट. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्यात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत दुपारी विहिरीत ऊन थेट खाली पाण्यापर्यंत उतरतं. एरवी दुपारी कॅमेरा बाहेर काढू नये म्हणतात, पण इथं दुपारच हवी.

कऱ्हाडजवळ आगाशिवच्या डोंगरात साठाहून जास्त बौद्ध लेणी आहेत. ती बघून पुष्कळजण निराश होतात, कारण अजिंठा-वेरूळसारखी नक्षी नाही. साध्या खोल्या, भिक्षूंना निजायला दगडी ओटे, चैत्यगृहात, म्हणजे प्रार्थनेच्या दालनात, स्तूप. पण कऱ्हाडचं जुनं नाव, करहाकट, मध्य भारतातल्या भारहुतच्या स्तूपावर दानाच्या लेखात कोरलेलं आहे. इथल्या गावानं तिथवर दान पाठवलं! हे डोक्यात असलं की त्या उघड्या ओट्याकडं बघण्याची नजर बदलते. मी तिथं फ्लॅश वापरत नाही. दाराशी पांढरं धोतर पसरतो. त्याच्यावरून परतलेला उजेड आत छताला मऊ लागतो, आणि कॅमेरा काही सेकंद उघडा ठेवला की छिन्नीचे घाव एकेक मोजता येतात. लेण्यांत आग्या मोहोळ असतं. आवाज, धूर, अत्तर टाळा.

आता माहुली. कृष्णा-वेण्णेचा संगम आपल्या इतका जवळचा, की आपण तो पुलावरून बघत निघून जातो. महाराणी ताराबाई 1761 मध्ये गेल्या, त्यांची समाधी इथं आहे. थोरले शाहू महाराज 15 डिसेंबर 1749 ला गेले. त्यांच्या राणी सकवारबाई त्यांच्यामागं माहुलीला सती गेल्या. महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीही समाधी इथं दाखवतात. यातली कितीतरी बांधकामं नदीला लागून आहेत. पूर आला की पाण्यात जातात, गाळात बुजतात, परत उघडी पडतात. म्हणून माहुलीचा एक फोटो पुरत नाही. मी दरवर्षी दिवाळीनंतर आणि वैशाखात, त्याच जागेवरून, त्याच लेन्सनं फोटो घेतो. ते शेजारी ठेवले की कोणता चिरा निसटला, पिंपळाचं मूळ किती आत गेलं, हे कळतं. आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. संगमावर आजही अंत्यविधी होतात. तिथं कुणी रडत असेल तर कॅमेरा पिशवीत ठेवायचा. जुन्या समाधीचा मान राखायचा, तर नव्या दुःखाचाही राखला पाहिजे.

फोटो काढून झाले तरी काम संपत नाही. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला मेजर रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून कित्येक वर्षं केल्या. त्या लंडनला गेल्या आणि 1866 च्या आगीत बहुतेक जळाल्या. इतक्या वर्षांचं काम एकाच छपराखाली होतं. मी प्रत्येक फाइलच्या तीन प्रती ठेवतो, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी, आणि एक छापील संच ज्या गावचे फोटो त्या गावच्या शाळेला देतो.

पुन्हा त्या गावाकडं येतो. गेल्या हिवाळ्यात माझे जुने फोटो घेऊन तिथं गेलो. पारावर बसणारी जुनी माणसं आता फारशी उरली नाहीत. एका आजींनी फोटो हातात घेतला आणि म्हणाल्या, "ह्यो हितं नव्हता बाबा, पल्याड हुता, पिंपळाच्या अंगाला." मग आत गेल्या आणि ट्रंकेतून स्वतःच्या लग्नातला फोटो घेऊन आल्या. वऱ्हाड देवदर्शनाला थांबलं असताना काढलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. नवरा-नवरी पुढं उभी, मागं पार, आणि पाराला लागून ती ओळ. पहिला दगड पूर्वेला तोंड करून, दुसरा त्याच्या हातभर अंतरावर, तिसरा पिंपळाच्या अंगाला, आजी म्हणाल्या तिथंच. तिघांची जागा मी नकाशावर मांडली आणि देवस्थानच्या मंडळींना दिली.

चौथा त्या फोटोत करवलीच्या मागं झाकला गेलाय. तिचा पदर आणि त्याच्या वर दगडाचा टोकाचा चंद्र, एवढंच दिसतं.