क्रिस्तीबाई संपल्यावर

(मालवणातल्या एका वाचनालयात आषाढात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, पत्र्यावर पाऊस वाजतोय, तेव्हा मागच्यांना ऐकू येत नसेल तर खुशाल हात वर करा. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, होड्या झापांखाली झाकलेल्या. अशा दिवसांत इथल्या टेबलाशी हमखास येणारी मागणी म्हणजे, "अगाथा क्रिस्ती झाली वाचून, आता तसलंच काहीतरी द्या." बाईंच्या रहस्यकादंबऱ्या ६६. महिन्याला एक वाचली तरी साडेपाच वर्षांत फडताळ रिकामं. पुढे काय?

आधी 'तसलंच' म्हणजे कसलं, ते स्वतःला विचारा. माझ्यापुरतं सांगते. मला चटक आहे ती सरळ डावाची. हेराला जे दिसलं ते मलाही दिसलं पाहिजे. तरी मी फसले पाहिजे. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूने रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. वाचकापासून लपवलेल्या धाग्यावर हेराने उकल करायची नाही, चोरवाट एकाहून जास्त नको, असे. अर्थात नियम मोडूनही डाव सरळ ठेवता येतो. क्रिस्तीबाईंच्या १९२६ च्या 'रॉजर अ‍ॅक्रॉइड' कादंबरीवरून वाचक अजून भांडतात. (ज्यांनी वाचलंय त्यांनी शेजाऱ्याला सांगू नये.)

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड वाचून पिढ्या वाढल्या. आडनावातलं अर्नाळं आपल्याच किनाऱ्यावरचं. पण तिथे मजा आहे ती पाठलागाची, वेषांतराची. कोड्याची भूक वेगळी. ती मराठीतच भागवायची तर शरदिंदू बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश भाषांतरात आहे. १९३२ पासूनचा हा गडी स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो. सत्यजित राय यांचा फेलूदाही मराठीत आलाय. नातवंडांना तिथून सुरुवात करून द्या.

मला खरा शोध लागला तो जपानी लेखकांचा. माझी आजी सकाळी खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, सारवायची. ते वाळायच्या आत कोणी ओलांडलं की पडवीतूनच म्हणायची, "हो धाकट्याचो पाय." काकाची डाव्या पायाची करंगळी उमटत नसे. आता असं समजा, की सारवलेलं खळं ओलं आहे, पलीकडच्या बंद खोलीत खून झालाय आणि खळ्यावर एकही पाऊल नाही. सेइशी योकोमिझोच्या 'होन्जिन मर्डर्स'मध्ये हेच आहे, फक्त शेणाच्या जागी बर्फ. लग्नाची रात्र, जुनं खानदानी घर, नवरानवरी दोघंही मेलेली, अंगणात रोवलेली तलवार. कादंबरी १९४६ ची. इंग्रजीत आली २०१९ मध्ये. म्हणजे आपल्याला 'नवा' वाटणारा लेखक क्रिस्तीबाईंच्याच काळातला निघतो. नवं हवं म्हणून फक्त ताज्या छापलेल्या पुस्तकांकडे पाहू नका, ते एवढ्यासाठी.

दुसरा युकितो आयात्सुजी, त्याची कादंबरी १९८७ ची. कॉलेजातल्या रहस्यकथा मंडळाची पोरं एका बेटावर जातात, आणि एकमेकांना हाका कशा मारतात? जुन्या रहस्यकथाकारांच्या नावांनी: एलरी, कार, अगाथा! बेटाची गंमत आपल्याला वेगळी समजवायला नको. आपली देवबाग बघा, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. रस्ता बुडाला, होडी बंद झाली की आत कितीजण उरले ते बोटांवर मोजता येतं. खुनी त्या बोटांतलाच.

बाकीच्यांचं थोडक्यात. क्रिस्तीबाईंच्या हेर आजीचा, मिस मार्पलचा, म्हातारा मिश्कीलपणा आवडत असेल तर रिचर्ड ऑस्मन. कादंबरीच्या पोटात कादंबरी हवी असेल तर अँथनी होरोविट्झ. सुजाता मॅसीची परवीन मिस्त्री ही १९२१ च्या मुंबईतली पारशी वकील. पडद्यातल्या विधवांचा जबाब पुरुष घेऊ शकत नाही, ती घेते. तिथे बाईपणच तपासाचं हत्यार होतं, हे मला फार आवडलं. आणि मुखपृष्ठावर 'नवी क्रिस्ती' असं छापलेलं दिसलं की मी ते पुस्तक परत ठेवते. हा माझा हट्ट आहे, तुम्ही पाळू नका.

पण लेखक सापडतात कसे? मला ते आपल्या वाचनालयातल्या पुस्तकांमागच्या चिठ्ठीने सापडवून दिले. तारीख आणि सभासद क्रमांक. मला आवडलेल्या तीन पुस्तकांवर माझ्याआधी २१४ होता. मग मी लेखक बघणंच सोडलं, २१४ बघायला लागले. जॉन डिक्सन कार मला असाच मिळाला. त्याच्या १९३५ च्या कादंबरीत हेर मध्येच थांबून बंद खोलीतल्या खुनाच्या तऱ्हांवर अख्खं प्रकरणभर व्याख्यान झोडतो. माझ्यापेक्षा बरं बोलतो.

एक भानगड मात्र होती. २१४ च्या हातून गेलेल्या प्रत्येक पुस्तकात चाळिसाव्या-पन्नासाव्या पानावर कोणा एकाच्या नावाखाली जाड, चपट्या शिशाची रेघ आणि समासात 'हाच!' पहिल्यांदा मी इतकी चिडले की तक्रारवही मागितली. पुस्तक संपलं तेव्हा कळलं, तो 'हाच' नव्हताच. पुढच्यातही नव्हता. सात पुस्तकांत एकदाही नाही. तेव्हापासून रेघ दिसली की मी त्या माणसाला निर्धास्तपणे संशयितांतून वगळते.

२१४ आज इथे बसलेत. नाव सांगणार नाही. पेन्सिल अजून कानावरच आहे.