चाळीस तास, एक खोटं भांडण

या दारावर पाटी आहे, 'मध्यस्थी केंद्र'. आपला कॅमेरा इथंच थांबणार. आतलं बोलणं बाहेर जायचं नाही, यावरच मध्यस्थी उभी आहे. २०२३च्या मध्यस्थी कायद्यात तर आतल्या बैठकीचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण करू नये, असं लिहूनच ठेवलंय. म्हणून आपण शेजारच्या खोलीत जाऊ. तिथलं भांडण खोटं आहे.

खोटं, पण ओळखीचं. दोन भाऊ, एक विहीर, पाण्याची पाळी. थोरला झालेत एक फौजदारी वकील, धाकटा झालेत निवृत्त न्यायाधीश. दोघांच्या हातात एकेक चिठ्ठी. तिच्यात काय आहे ते समोरच्याला माहीत नाही, मध्यस्थालाही नाही.

मध्यस्थ व्हायचं तर हे चाळीस तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली मध्यस्थीसाठी समिती नेमली, तेव्हापासून ही पद्धत देशभर रुजली. त्याआधी २००२ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ लागू झालं, आणि चालू दावा मध्यस्थीकडे पाठवण्याची वाट मोकळी झाली. कायद्याचा हा भाग इथं झटपट उरकतो, कारण समोर बसलेल्यांना कायदा येतोच.

अडचण तीच आहे. वकिलाला बाजू घेतल्यावाचून राहवत नाही, न्यायाधीशाला निकाल दिल्यावाचून.

एका संत्र्यासाठी भांडणाऱ्या दोन बहिणींची गोष्टही इथं सांगतात. एकीला रस हवा असतो, दुसरीला साल. गोष्ट छान आहे. पण विहिरीला साल नसते.

मध्यस्थाच्या खुर्चीत आज वीस वर्षं वकिली केलेल्या एक बाई आहेत. सुरुवात चांगली झाली: मी न्यायाधीश नाही, निर्णय तुमचाच. तेवढ्यात थोरला उसळतो, "हा चोर आहे. रात्री मोटार लावतो!"

बाईंच्या तोंडून निघून जातं, "पुरावा काय?"

प्रशिक्षक टेबलावर पेन आपटतात. "कोर्टात नाही आहात. पुन्हा."

बाई श्वास घेतात. "रात्री पाणी उपसलं जातं आणि तुमच्या पाळीला विहीर कोरडी असते, असं म्हणताय का?"

थोरला गप्प. 'चोर' हा शब्द टेबलावरून उचलला गेलाय, तक्रार मात्र जागेवर आहे. वाक्य असं फिरवून मांडायला शिकण्यातच इथले कितीतरी तास जातात.

मग एकेकाशी स्वतंत्र बैठक. धाकटा चिठ्ठीतलं सांगून टाकतो: जमीन विकायची आहे, गिऱ्हाईकही ठरलंय, पण विहिरीतला हिस्सा कागदावर स्पष्ट झाल्याशिवाय ते पुढं सरकायला तयार नाही.

बाई खुशीत थोरल्याकडे येतात. "अहो, त्यांना तर जमीनच विकायचीय!"

वर्गात कुणी हसतं, कुणी कपाळावर हात मारतं. प्रशिक्षक शांतपणे म्हणतात, "आता धाकटा तुम्हाला काही सांगेल?"

चहा होतो. खुर्च्या पुन्हा मांडल्या जातात. धाकटा पुन्हा तेच सांगतो. या वेळी बाई वहीवरचं पेन बाजूला ठेवतात.

"यातलं तुमच्या भावाला काय सांगू? काय नको?"

आणि थांबतात. न्यायाधीश चिठ्ठी उलटून पाहतात. मागची बाजू कोरी आहे.