बूस्टर घ्यायचा, पण कधी?

[दृश्य: काळा पडदा. पांढऱ्या अक्षरांत एकच आकडा: ९५ टक्के.]

हा आकडा आठवत असेल. २०२० च्या डिसेंबरमध्ये फायझर आणि बायोएनटेकच्या कोविड लशीच्या चाचणीचा निकाल छापून आला आणि हा आकडा जगभर गेला. ४३ हजारांहून अधिक लोकांवरची चाचणी आणि ९५ टक्के संरक्षण. कित्येक महिन्यांनी लोकांना हायसं वाटलं. मलाही वाटलं.

त्या चाचणीत कोणाला घेतलं नव्हतं, हे मात्र मथळ्यात नव्हतं. प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं ज्यांना चालू होती, ते सगळे वगळले होते. त्यात कोणाचा दोष नाही. नव्या लशीची पहिली परीक्षा अशाच माणसांवर घेतात, ज्यांच्या शरीराचा प्रतिसाद सरळ मोजता येतो. पण त्याचा परिणाम असा झाला, की तो ९५ चा आकडा आमचा नव्हता. आमचा आकडा तेव्हा कोणाकडेच नव्हता.

आम्ही म्हणजे आमवाताचे, ल्युपसचे, मल्टिपल स्क्लेरोसिसचे रुग्ण. या आजारांत प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते, आमवातात सांध्यांवर, ल्युपसमध्ये अनेक अवयवांवर, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मेंदू आणि मज्जारज्जूवर. मूत्रपिंड किंवा यकृत बदललेले. रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारे. ज्यांना बाहेरून बघून कोणी आजारी म्हणणार नाही, असे त्यात पुष्कळ.

[दृश्य: टेबलावर औषधांचा साप्ताहिक डबा. एक कप्पा उघडा.]

मला आमवात आहे. माझी प्रतिकारशक्ती माझ्याच सांध्यांवर उठली आहे. तिला आवरायला मी कित्येक वर्षं मेथोट्रेक्सेट घेत होते. आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध. त्याचं काम प्रतिकारशक्तीला शांत ठेवायचं. आणि लशीचं काम? त्याच प्रतिकारशक्तीला जागं करून विषाणूची ओळख पटवून द्यायची. एकाच शरीरात दोन औषधं, आणि दोघांचं म्हणणं उलट.

म्हणून निरोगी माणसाला 'बूस्टर घ्यावा का' हा प्रश्न पडतो, तेव्हा आमचा प्रश्न वेगळा असतो. घ्यायचाय, पण कधी? कोणत्या औषधाच्या कोणत्या मात्रेनंतर किती दिवसांनी? पुढची मात्रा लांबवायची का, आणि लांबवली तर मधल्या काळात सांध्यांचं काय? या माहितीपटात मला याबद्दलच बोलायचं आहे, कारण लसीकरणाच्या अर्जावर औषधांसाठी एकच ओळ असते आणि आमचं सगळं त्या एका ओळीत मावत नाही.

एक भीती आधी बाजूला करते. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना जिवंत विषाणूच्या लशी सहसा देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण फायझर, मॉडर्ना, ॲस्ट्राझेनेका, नोव्हाव्हॅक्स यांपैकी एकाही लशीत वाढू शकणारा जिवंत करोना विषाणू नाही. लशीमुळे कोविड होणार नाही. माझ्या ओळखीतल्या एका ताईंनी याच भीतीपायी पहिला डोसच कित्येक महिने लांबवला होता. डॉक्टरांनी पाच मिनिटं बसून नीट समजावलं असतं, तर ते महिने वाचले असते.

दुसरी भीती माझी होती. ज्या शरीराला भलत्याच गोष्टीवर चिडायची सवय आहे, त्याला मुद्दाम डिवचायचं? त्या काळात मी कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन या शास्त्रज्ञांच्या कामाबद्दल वाचलं. बाहेरून दिलेला आरएनए शरीर शत्रू समजतं आणि दाह उसळतो, ही एमआरएनए लशीतली, म्हणजे फायझर आणि मॉडर्नासारख्या आरएनएवर बेतलेल्या लशींतली, मोठी अडचण होती. या दोघांनी २००५ मध्ये दाखवलं, की आरएनएच्या घटकांत छोटासा बदल केला, यूरिडिनच्या जागी स्यूडोयूरिडिन बसवलं, की हा उद्रेक बराच आटोक्यात येतो. २०२३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं ते या कामासाठी. ही लस माझ्यासारख्यांचा विचार करून बनवली नव्हती, हे मला ठाऊक आहे. तरी दाह कसा टाळावा या प्रश्नावर कोणीतरी इतकी वर्षं चिकाटीनं काम केलं होतं, हे वाचून मला दंड पुढे करायचं बळ आलं.

[दृश्य: खिडकीपाशी बसलेले साठीचे गृहस्थ. चेहरा दिसत नाही, हातावर डायलिसिससाठी केलेल्या फिस्टुलाची जुनी खूण.]

या काकांचं मूत्रपिंड बदललेलं आहे. नवं मूत्रपिंड शरीरानं नाकारू नये म्हणून त्यांना आयुष्यभर औषधं घ्यावी लागणार आहेत. दोन डोस झाल्यावर त्यांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला अडवणाऱ्या अँटिबॉडी, सापडल्याच नाहीत. ते म्हणतात, "प्रमाणपत्र माझ्याकडेही होतं. सगळ्यांसारखंच. पण आत काहीच नव्हतं."

असं होणारे ते एकटे नव्हते. २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी अवयव-प्रत्यारोपण झालेल्या ६५८ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन डोसांनंतर त्यांतल्या ५४ टक्के लोकांमध्येच प्रतिपिंडं आढळली. मग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टोरोंटोच्या एका चाचणीचा निकाल आला. प्रत्यारोपण झालेल्या १२० जणांपैकी निम्म्यांना मॉडर्नाचा तिसरा डोस दिला, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. प्रतिपिंडांची ठरवलेली पातळी तिसरा डोस घेतलेल्यांत ५५ टक्के जणांनी गाठली, दुसऱ्या गटात १८ टक्क्यांनी. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांसाठी तिसऱ्या डोसाला त्याच महिन्यात परवानगी दिली.

आमच्यासाठी तिसरा डोस ही वरची भर नव्हती. इतरांचं दोन डोसांत जे झालं, ते आमचं अजून व्हायचं होतं. लोक विचारायचे, "अजून एक? कितीदा टोचून घेणार?" त्यांना हा फरक कोणी सांगितलाच नव्हता.

काकांना तिसऱ्या डोसानंतर थोडी प्रतिपिंडं आली. थोडीच. त्यांच्या सुनेनं आणि नातवंडांनी आपापले डोस एकही दिवस उशीर न करता घेतले. "माझी अर्धी लस या पोरांच्या दंडात आहे," असं ते सांगतात. हे सांगताना त्यांचा आवाज जड होतो.

[दृश्य: लसीकरण केंद्रातल्या रांगेनं मांडलेल्या खुर्च्या. भिंतीवरचं घड्याळ.]

आता माझ्या बूस्टरबद्दल.

ब्रिटनमध्ये २०२२ साली एका चाचणीचा निकाल आला. मेथोट्रेक्सेट घेणारे २५४ लोक. अर्ध्यांनी बूस्टरनंतर दोन आठवडे औषध थांबवलं, अर्ध्यांनी चालू ठेवलं. ज्यांनी थांबवलं, त्यांची प्रतिपिंडं दुपटीहून अधिक निघाली, आणि हा फरक बारा आठवड्यांनंतरही टिकून होता. पण पहिल्या चार आठवड्यांत त्यांच्यातल्या जास्त लोकांचं दुखणं उसळलं, हेही त्याच निकालात नोंदवलेलं आहे. दोन्ही बाजू एकाच कागदावर. मला असं संशोधन आवडतं. त्यात फायद्याशेजारी त्याची किंमतही लिहिलेली असते.

माझ्या डॉक्टरांनी विचारलं, "सध्या सांधे शांत आहेत ना? मग थांबवून बघू." आणि लगेच बजावलं, की हे फक्त मेथोट्रेक्सेटपुरतं, फक्त लशीनंतर, आणि विचारल्याशिवाय नाही. स्टिरॉइडला हा नियम लागू नाही. रोज बराच काळ स्टिरॉइड घेणाऱ्यांच्या अधिवृक्क ग्रंथी, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणाऱ्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी, मंदावलेल्या असू शकतात. ते एकदम बंद केलं, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. लशीसाठी म्हणून मनानंच सगळ्या गोळ्या बंद करणारे लोक मी पाहिलेत, म्हणून हे इथं ठासून सांगते.

लस टोचली त्या संध्याकाळी फक्त दंड दुखत होता. रात्री कणकण आली, अंग मोडून आलं. सकाळी जाग आली तेव्हा उजव्या हाताची मूठ वळेना. बोटं अर्ध्यापर्यंत येत होती आणि तिथंच अडत होती. गोळ्यांच्या बाटलीचं झाकण खाली दाबून फिरवावं लागतं. मी दोन्ही तळव्यांत बाटली धरून पाहिली, मग मनगट टेकवून पाहिलं. झाकण टकटक वाजत नुसतं गोल फिरत राहिलं. शेवटी भावाला हाक मारली.

आजाऱ्याच्या मनात तेव्हा काय येतं, ते निरोगी माणसाला सांगून कळत नाही. ताप त्याच्याही अंगात असतो, पण तो उद्या उतरेल याची त्याला खात्री असते. आमच्या मनात असतं, की ही लशीची कणकण आहे की जुनं दुखणं परत आलंय? दोन दिवसांत जाईल की दोन महिने बसेल? ते ओळखायला थांबण्याशिवाय उपाय नसतो. माझी कणकण दुसऱ्या दिवशी गेली. बोटांची सूज राहिली. मेथोट्रेक्सेट परत सुरू करून बऱ्याच आठवड्यांनी मूठ पूर्ण वळली.

मी परत तसंच करेन का? हो. कोविडमध्ये मला औषधं थांबवावी लागली असती, ती किती काळ, हे माझ्या हातात नसतं. इथं निदान दिवस मी ठरवले होते.

माझा अनुभव म्हणजे सगळ्यांचा अनुभव नव्हे. २०२१ मध्ये जगभरातल्या ल्युपसच्या ६९६ रुग्णांकडून लशीनंतरची माहिती गोळा केली गेली. डॉक्टरांनी खात्री केलेला आजाराचा उठाव ३ टक्के लोकांत आढळला. बाकीच्यांना दुखलं-खुपलं, ताप आला, गेला.

[दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर साखरेचा आलेख, वर चढत जाणारी रेघ.]

टाइप १ मधुमेह असलेली एक तरुण मुलगी मला सांगत होती, की बूस्टरच्या दुसऱ्या दिवशी ती नेहमीएवढंच जेवली, नेहमीएवढंच इन्सुलिन घेतलं, तरी साखर चढतच गेली. ताप आणि दाह असला, की इन्सुलिन कमी पडतं. तिला ते माहीत होतं, म्हणून ती घाबरली नाही. रात्री उठून तपासलं, मात्रा वाढवली. आता ती प्रत्येक डोसाच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकते, आणि घरात कोणीतरी जागं राहील अशी व्यवस्था करते.

मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या एका दादांना ताप चढल्यावर एका डोळ्यानं धूसर दिसू लागलं. पूर्वी ज्या डोळ्याची नस सुजली होती, तोच डोळा. ताप उतरला आणि दृष्टी पूर्ववत झाली. अंगातली उष्णता वाढली, की जुनी लक्षणं तात्पुरती वर येतात. विल्हेल्म उथॉफ या डॉक्टरांनी हे १८९० मध्येच नोंदवलं होतं, आणि आजही त्याला उथॉफचंच नाव आहे. नवा झटका आणि हे यांत फरक आहे, पण रात्री दोन वाजता, एका डोळ्यानं, तो फरक कोणाला सुचतो?

आणि एक ताई आहेत, ज्यांनी पुढचे बूस्टर घेतलेच नाहीत. त्यांना मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस आहे. थोड्याशा श्रमानंही त्या अंथरुणाला खिळतात. तिसऱ्या डोसानंतर त्यांना पूर्वीइतकं उठायला, हिंडायला खूप काळ लागला. त्या लशीच्या विरोधात नाहीत. गर्दीत मास्क लावतात, खिडक्या उघड्या ठेवतात, घरच्यांना डोस घ्यायला लावतात. त्यांना कोणी लसविरोधक म्हटलं की मला राग येतो. आपल्या शरीराचा हिशेब त्यांच्याइतका बारकाईनं फार थोडे लोक ठेवत असतील.

[दृश्य: सलाईनची बाटली, थेंब पडताना.]

पुढे मेथोट्रेक्सेट पुरेना, आणि मला रिटुक्सिमॅब सुरू झालं. सलाईनमधून देतात. ते रक्तातल्या बी पेशींना नेमकं गाठतं आणि संपवतं. आणि प्रतिपिंडं बनवण्याचं काम या बी पेशींचंच. औषध घेतल्यावर कित्येक महिने त्या जवळपास नसतातच. तेव्हा लस घेतली, तर विषाणू शिरलेल्या पेशींना मारणाऱ्या टी पेशी शिकतात, त्यांचा उपयोग होतो, पण प्रतिपिंडं फारशी येत नाहीत.

अशा लोकांसाठी एक वेगळी वाट निघाली होती. तयार प्रतिपिंडंच टोचायची. २०२१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत इव्हुशेल्डला परवानगी मिळाली. पण विषाणू बदलत गेला, ती प्रतिपिंडं नव्या उपप्रकारांना लागू पडेनात, आणि २०२३ च्या जानेवारीत ती परवानगी थांबवली गेली. त्याच वर्षी ५ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. आणीबाणी संपली होती, विषाणू नाही, हे संघटनेनंही सांगितलं होतं. लोकांनी पहिलं वाक्य ऐकलं. आमच्याकडची एक ढाल काढून घेतली गेली, त्यानंतर चारच महिन्यांत आजूबाजूचे मास्क उतरले होते.

लशी नव्या उपप्रकारांप्रमाणे बदलत राहिल्या, २०२२ मध्ये ओमिक्रॉनसाठी, २०२३ मध्ये एक्सबीबी.१.५ साठी, त्यानंतर जेएन.१ च्या कुळासाठी. प्रत्येक नव्या लशीची वाट मी म्हणूनच इतरांपेक्षा जास्त बघते. प्रत्येक वेळी मी आणि डॉक्टर कॅलेंडर घेऊन बसतो. लस रिटुक्सिमॅबच्या पुढच्या फेरीच्या साधारण चार आठवडे आधी बसवायची, म्हणजे बी पेशी थोड्या तरी परत आलेल्या असतात आणि त्यांना काम करायला वेळ मिळतो. सांधे तग धरतील का, हे बघून फेरी पुढे ढकलायची किंवा नाही. त्या महिन्यात मॅमोग्राफी (स्तनांची एक्स-रे तपासणी) असेल, तर लशीची तारीख तिथंही सांगायची, कारण लशीनंतर काखेतल्या लसिका ग्रंथी काही काळ सुजू शकतात आणि तपासणीत त्या भलतंच काही वाटू शकतात.

पुढच्या डोसाची तारीख ठरली आहे. भाऊ त्याचा डोस आधीच्या आठवड्यात घेणार आहे, म्हणजे दोघांना एकाच रात्री ताप येणार नाही, आणि माझ्या गोळ्यांचं झाकण उघडायला घरात कोणीतरी धड असेल.