नंबर पेढीचा, मत मालकांचं

(दृश्य: देवगड तालुक्यातली आंब्याची शेड. एप्रिलची सकाळ.)

अढीवरचं गवत बाजूला सारून दोन बायका आंबे निवडतायत. डागी फळ एकीकडे, बारीक एकीकडे, पेटीचं वेगळं. टेबलावर चिकटपट्टीच्या रिळाशेजारी एक फोन पडलाय. पेटीच्या लेबलावर छापलेला नंबर याच फोनचा. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं यावर ऑर्डर देतात, वाशीचा दलाल यावर भाव कळवतो, फळ खराब निघालं की तक्रारही इथेच येते. शेडच्या नावाचं फेसबुक पान यातच. सांभाळतो मालकांचा पुतण्या.

आज मालकांनी त्याला एक मजकूर धाडलाय. राजापूरच्या रिफायनरीबद्दलचा, आणि शेवटी मत कुणाला द्यावं तेही. पानावर टाक, गिऱ्हाइकांच्या यादीलाही पाठव, असा निरोप. पुतण्या वाचतो, फोन खाली ठेवतो.

"काकानू, हेच्यावरसून नको. तुमच्या फोनावरसून घाला."

(दृश्य: सडा, कलमांची बाग, खाली समुद्र.)

रिफायनरी हा इथे वेळ घालवायचा विषय नाही. राजापूर तालुक्यातल्या नाणारच्या रिफायनरी प्रकल्पासाठी २०१७ साली अधिसूचना निघाली, तेव्हा राजापूरच्या गावांबरोबर देवगडची गिर्ये आणि रामेश्वर ही गावंही त्यात होती. २०१९ मध्ये ते सगळं रद्द झालं. मग राजापुरातल्याच बारसूचं नाव पुढे आलं, आणि एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाच्या वेळी बायका भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. एका भावाला पोराच्या नोकरीची आशा, दुसऱ्याला कलमांची काळजी; घरं अशी आतून दुभंगली. शेडमध्ये समोरासमोर बसलेल्या त्या दोघींचं तरी एकमत असेल कशावरून?

मालकांनी गप्प बसावं असं मी अजिबात म्हणणार नाही. ज्याची कलमं या सड्यावर उभी आहेत त्याने बोललंच पाहिजे. ग्रामसभेत, वर्तमानपत्रात, स्वतःच्या नावाने, ठणकावून. पण शेडच्या नंबरावरून गेलेला शब्द त्यांचा एकट्याचा राहत नाही. फवारणीचा गडी, बागेत राखणीला राहिलेला नेपाळी कामगार, शेडला चार-चार पेट्या फळ घालणारे छोटे बागायतदार, सगळ्यांच्या तोंडी तो घातला जातो. आणि पानाखाली जाऊन 'माझं मत वेगळं आहे' असं लिहायची सोय यांच्यापैकी कुणाला असते? उद्याची मजुरी त्याच हातून घ्यायची असते.

यादीचा प्रकार तर मला त्याहून वाईट वाटतो. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या 'एक्स्पेन्सिफाय' कंपनीचे संस्थापक डेव्हिड बॅरेट यांनी कंपनीच्या सुमारे १ कोटी वापरकर्त्यांना ईमेल पाठवला: अध्यक्षपदासाठी बायडन यांना मत द्या. लोकांनी त्या कंपनीला आपले पत्ते दिले होते ते कामावरच्या खर्चाच्या पावत्या हिशेबाला लावण्यासाठी. आंब्याच्या दोन पेट्या मागवणाऱ्या दादरच्या आजींनी आपला नंबर दिला तो पार्सल कधी येणार हे कळावं म्हणून. मत त्यांच्या आवडीचं असो की नावडीचं, त्या नंबराचा तसा वापर करायची परवानगी त्यांनी दिलेली नाही.

एका खात्यावरचा मजकूर किती लांब जातो, हे फेब्रुवारी २०२२ मध्ये दिसलं. ह्युंदाईच्या पाकिस्तानातल्या वितरकाने काश्मीरबद्दल एक पोस्ट टाकली. भारतात बहिष्काराची हाक उठली, कंपनीला खुलासे करावे लागले, आणि दक्षिण कोरियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी एस. जयशंकर यांच्याशी फोनवर बोलताना खेद व्यक्त केला. भारतात ह्युंदाई विकणाऱ्याचा त्यात काय दोष होता?

(दृश्य: कायद्याचं पुस्तक, पान उघडं.)

आपल्या कंपनी कायद्याचं, २०१३ च्या, कलम १८२ बघा. कंपनीला राजकीय पक्षाला देणगी द्यायची तर संचालक मंडळाच्या बैठकीत ठराव लागतो. पक्षाच्या स्मरणिकेत जाहिरात दिली तर तीसुद्धा देणगीच धरली जाते. देवगडची शेड ही मालकी पेढी, तिला हे कलम लागू नाही. तरी त्यातला विचार बघण्यासारखा आहे. दहा हजारांच्या जाहिरातीला ठराव पाहिजे, आणि वीस वर्षांत कमावलेलं नाव पक्षाच्या मागे उभं करायला नुसता पासवर्ड पुरतो. हे मला पटत नाही.

(दृश्य: मालवणचा किनारा. होड्या, वाळत घातलेली जाळी.)

मग संस्थेने राजकारणावर कधी बोलूच नये? बोलावं की. पर्ससीन (मोठ्या जाळ्याने अख्खा थवा वेढणारी) आणि एलईडी (प्रखर दिव्यांनी मासे ओढणारी) मासेमारीविरुद्ध इथल्या पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला. पर्ससीनवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध आणले, एलईडीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. मच्छीमार संस्थेच्या सभेत असा विषय निघतो तेव्हा भांडण होतं, कुणी उठून जातो, कुणी दोन तास अडून बसतो. शेवटी ठराव लिहिला जातो, खाली सूचकाचं नाव, अनुमोदकाचं नाव, ज्यांचा विरोध त्यांची नोंद. असा कागद संस्थेच्या खात्यावर गेला, तर तो खरोखर संस्थेचा असतो.

शेडच्या मालकांनाही ही वाट मोकळी आहे. बागायतदारांना बोलवावं, कामगारांना बसवावं, विषय मांडावा. तेवढा वेळ नसेल, तर खिशात स्वतःचा फोन आहेच.