उतरू कुठं?

(गळीत हंगामाच्या तोंडावर, लातूर-अंबाजोगाई पट्ट्यातल्या एका गावात ऊस वाहतूक करणारे चालक आणि हायस्कूलचे विद्यार्थी यांच्यासमोर एका निवृत्त ट्रकचालकांनी केलेलं भाषण. संपादित.)

पुढं बसलेल्या लेकरांनो आणि मागं भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या ड्रायव्हर मंडळींनो, बसा की. सतरंजी मोकळी आहे. ड्रायव्हर माणूस सभेत कायम दाराशी उभा राहतो, मी पण तसाच होतो.

सव्वीस वर्षं मी ट्रक चालवला. वसमतची हळद सांगलीला नेली, परभणीचा कापूस नेला, हंगामात ऊस ओढला. पुढं शुगर निघाली, नजर कमी आली, गाडी सोडली. डॉक्टर म्हणाले, चाला. गुडघे म्हणाले, नको. मग पोराची जुनी सायकल काढली. आता सहा वर्षं झाली, रोज सकाळी दहा-बारा किलोमीटर मारतो. जो रस्ता मी वरून बघायचो तोच आता खालून बघतो, आणि तो रस्ता वेगळाच आहे.

एक जुनी चूक सांगतो. चूक माझीच. पहाटेची वेळ, एक दूधवाला सायकलला दोन कॅन लावून चाललेला. समोरून एक टेम्पो येत होता. मला वाटलं, हा गडी खाली उतरला की मी निघतो. अगदी त्याच्या पाठीशी जाऊन प्रेशर हॉर्न दाबला. तो दचकला आणि मान वळवून मागं बघायला लागला. माणूस उजवीकडून मागं बघतो तेव्हा हँडलही उजवीकडंच येतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तो माझ्याच अंगावर आला. मी ब्रेक मारला, तरी कॅनला गाडी घासली. सगळं दूध डांबरावर. मनगट सुजलं त्याचं, जीव वाचला. आणि मी उतरून काय म्हणालो असेन? “खाली उतरता येत नाही का रं?” तो रडत नव्हता, शिव्या पण देत नव्हता. कडेकडं हात करून म्हणाला, “उतरू कुठं, मामा? बघा की.”

मी बघितलं. डांबर जिथं संपत होतं तिथं वीतभर खाली पडलेली कड, तिच्याखाली सुटी खडी, आणि खडीला लागून वेडी बाभूळ. तिथं बैल उतरला नसता.

आपल्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. साईडपट्टीला मुरूम टाकला तरी दोन पावसाळ्यांत तो खचतो, वाहून जातो. डांबर मात्र आहे तिथंच राहतं. त्यावर पुन्हा नवा थर पडला की रस्ता आणखी वर. सिमेंटच्या रस्त्याची कड तर सुरीसारखी. सायकलचं चाक तिच्यावरून तिरकं खाली गेलं की परत वर चढत नाही, कडेला घासतं आणि माणूस आडवा होतो. पडतो कुठं? रस्त्यावर, चाकाखाली. शिवाय सोयाबीन निघालं की अर्ध्या रस्त्यावर खळं. ड्रायव्हरच्या डोक्यात एक नकाशा असतो: मधला रस्ता माझा, कड सायकलवाल्याची. त्या नकाशातली कड जमिनीवर नाहीच. सगळं भांडण तिथं आहे.

आता मोजमाप घेऊ. गणिताला घाबरू नका, मी सातवी पास आहे.

गावाकडचा एकेरी रस्ता पावणेचार मीटरचा. ट्रकची रुंदी अडीच मीटर. उरला सव्वा मीटर, तोही ट्रक पलीकडच्या काठाला अगदी चिकटून गेला तर. सायकलचं हँडल दोन फुटांचं, आणि सायकल कधी सरळ रेषेत जात नाही, डुलते. तिला मीटरभर जागा लागतेच. म्हणजे मधे राहिलं वीतभर. त्यावर मोठी गाडी शेजारून गेली की हवा आधी बाहेर ढकलते, मग आत ओढते. सात मीटरचा दुपदरी रस्ता घ्या. दोन ट्रक समोरासमोर आले की पाच मीटर संपले. त्या दोघांच्या मधे थोडी जागा सोडायची, म्हणजे कडेला मीटरसुद्धा हातात राहत नाही. तिसरा तिथं मावतच नाही.

म्हणून माझं एकच सांगणं आहे. समोरून गाडी, कडेला सायकल आणि मधे तुम्ही, असे तिघं एका रेषेत येऊ नका. येणार असं दिसलं की ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा, सायकलच्या मागं राहा, समोरची गाडी जाऊ द्या. “वेळ जातो” म्हणणार तुम्ही. पन्नासच्या वेगातनं पंधरावर येऊन दहा सेकंद मागं राहिलात तर तुमचं नुकसान सात सेकंदांचं. तंबाखू मळायला याच्यापेक्षा जास्त लागतात. हॉर्न द्यायचाच तर लांबून, एकदा, हलका. पाठीशी जाऊन कधीच नाही, का ते मी दुधात शिकलो.

आता ट्रॅक्टरवाल्यांसाठी. खरं तर मी तुमच्यासाठीच आलोय.

ट्रकवाला सायकलच्या पुढं भर्रकन जातो. तुमचं तसं नाही. तुमचा वेग वीस, सायकलचा पंधरा. फरक ताशी पाच किलोमीटर, म्हणजे सेकंदाला दीड मीटरसुद्धा नाही. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून लांबी धरा सोळा मीटर, सायकलचे दोन. तेवढं पुढं सरकायला तेरा सेकंद लागतात. तेरा सेकंद ते लेकरू तुमच्या उसाच्या भिंतीशेजारी असतं. तुमचं डोकं सायकलच्या पुढं गेलं की तुम्हाला वाटतं, झालं, आणि तुम्ही डावीकडं घेता. तेव्हा तुमची दुसरी ट्रॉली अजून तिच्या शेजारीच असते.

वळणावर तर आणखी. डावं वळण घेताना पहिली ट्रॉली ट्रॅक्टरच्या आतून जाते, दुसरी पहिलीच्याही आतून. ट्रॅक्टर सायकलपासून चार हात लांबून वळतो आणि मागची ट्रॉली तिला कडेला चेपते. त्यात टेप एवढा मोठा लावलेला असतो की किंकाळी पण ऐकू येत नाही. गाणी लावा, माझी ना नाही, रात्र काढायची असते. पण मागून कोणी ओरडलं तर कळेल एवढाच आवाज ठेवा. आणि ट्रॉलीला मागं लाल, बाजूला पिवळी रिफ्लेक्टर पट्टी हवी. उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, लोंबून तिच्यावर आलं असेल तर पट्टी लावून काय उपयोग? वाढं कापा.

आता पोरींनो. तुमच्यातल्या बऱ्याच जणींना सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातली सायकल मिळाली आहे, आठवीपासून. त्या सायकलनं किती जणींची शाळा वाचवली हे तुमच्या आयांना विचारा. कोणी ड्रायव्हर ओरडला म्हणून ती घरी लावू नका.

पण तुमच्याही चुका आहेत. तिघी-तिघी जोडीनं गप्पा मारत जाता. रिकाम्या रस्त्यावर जा, मी काही बोलणार नाही. मागून गाडी ऐकू आली की एकामागं एक. कडेला चिकटून मात्र चालवू नका. सगळे सांगतात कडेनं जा, मी सांगतो कडेपासून दोन फूट आत. कडेला चिकटलेलं लेकरू खड्डा आला की अचानक आत येतं, आणि ड्रायव्हरला ते अचानकपण पेलत नाही. दोन फूट आत सरळ चाललं तर त्याला आधीच दिसतं आणि खड्डा चुकवायला तुम्हालाही जागा राहते. ट्रॅक्टर वळणाजवळ असेल तर त्याच्या डाव्या अंगाला घुसू नका, मागं थांबा. ड्रायव्हर तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्ही त्याला दिसत नाही.

मोठ्या चौपदरी रस्त्यावर दुभाजक फुटायची जागा लांब असते, म्हणून पोरं उलट्या बाजूनं येतात. मला कळतं, दुप्पट पायडल कोण मारणार? पण समोरासमोर आल्यावर दोघांचे वेग बेरजेत जातात. तिथं सायकल हातात धरून पायी चालत या. समृद्धीवर तर सायकल, मोटारसायकल कशालाच परवानगी नाही.

आणि लातूरला क्लासच्या रस्त्यांवर गाडी लावणाऱ्यांनी उजवं दार डाव्या हातानं उघडायचं. अंग आपोआप वळतं, मागून येणारी सायकल दिसते. अपघात दिसला तर उचला. 2019 च्या दुरुस्तीनंतर कायदा मदत करणाऱ्याच्या बाजूनं आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही.

माझं बोलणं झालं. चहा नंतर. बाहेर लिंबाखाली भरलेल्या तीन ट्रॉल्या उभ्या आहेत आणि माझ्या खिशात मोजायचा टेप आहे. कोणाचा ऊस दोन्ही बाजूंनी किती बाहेर आलाय ते मोजू. टेपचं एक टोक तुमच्यातली एक पोरगी धरेल, दुसरं ज्याची ट्रॉली आहे त्यानं धरायचं. चला, आधी कोणाची?