जास्तीचं काहीच नसलेली गाडी

(कोल्हापुरात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. माझं लहानपण इथल्याच शिवाजी उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत गेलं. शाळा सुटली की दप्तर कोपऱ्यात टाकायचं आणि वडिलांच्या लेथजवळ उभं राहायचं. ते जॉब, म्हणजे लेथवर घडवलेला भाग, काढून हातात द्यायचे आणि विचारायचे, "बोट फिरवून सांग, कुठं लागतंय?" डोळ्याला गुळगुळीत दिसणारी जागा बोटाला खरखरीत लागायची. आज जे सांगणार आहे, त्याची सुरुवात तिथली आहे.

गेली बरीच वर्षं मी इंग्लंडमध्ये असतो आणि माझ्याकडे कॅटरहॅम सेव्हन नावाची गाडी आहे. ती खोक्यांतून सुटी आली आणि एका हिवाळ्यात मी ती गॅरेजमध्ये जोडली. तुम्ही स्वतः पाइप कापून, वेल्ड करून स्पर्धेची गाडी तयार करताय, म्हणून मी लॅप टाइमपेक्षा पान्याबद्दल जास्त बोलणार आहे.

थोडा इतिहास. 1957 मध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीनं सेव्हन बाजारात आणली. स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा, इंजिन पुढं, ड्राइव्ह मागच्या चाकांना, बसायला दोघांची जागा. ब्रिटनमध्ये तयार गाडीवर तेव्हा पर्चेस टॅक्स होता, सुट्या भागांवर नव्हता, म्हणून ती किट म्हणूनही विकली जायची. अट अशी होती की सोबत जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. मग लोटसनं गाडी सुटी कशी करायची याच्या सूचना दिल्या आणि लोकांनी त्या खालून वर वाचल्या, ही गोष्ट तिकडं प्रत्येक जण सांगतो. 1973 मध्ये पर्चेस टॅक्स जाऊन व्हॅट आला, किटचा तो फायदा संपला आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क ग्रॅहम निअर्न यांच्या कॅटरहॅम कार्सकडे गेले. कॅटरहॅम हे सरे काउंटीतलं एक गाव. टॅक्सचं कारण उरलं नाही, तरी लोक किट घेत राहिले, आजही घेतात. मला वाटतं, कारण सोपं आहे: स्वतः जोडलेल्या गाडीचा एकही बोल्ट अनोळखी राहत नाही.

माझ्या गाडीत फोर्डचं 1.6 लिटरचं सिग्मा इंजिन आहे, सव्वाशे हॉर्सपॉवरचं. वजन साधारण 550 किलो. आपली मारुती 800 सुद्धा साडेसहाशेच्या आसपास होती. 2013 मध्ये तर कॅटरहॅमनं सुझुकीचं 660 सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन बसवून 490 किलोंची सेव्हन काढली, तिचा मागचा अॅक्सलही सुझुकीचाच. माझ्या गाडीत एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, एअरबॅग नाही. छप्पर म्हणजे कापड.

एवढी साधी गाडी, मग देखभालीला काय लागणार, असं सुरुवातीला मलाही वाटायचं. पण वजन कमी करायचं म्हणजे प्रत्येक भागातलं राखीव काढून टाकायचं. दीड टनाच्या गाडीत एखादा बोल्ट सैल झाला तर शेजारचे चार त्याचा भार महिनाभर वाहून नेतात. सेव्हनमध्ये शेजारी तो भार घ्यायला कुणी नसतंच. ब्रेकची डिस्क 550 किलोंना पुरेल एवढीच, सांगाड्याची नळी त्या भाराला पुरेल एवढ्याच जाडीची. गाडी हलकी, म्हणून तिचं काम प्रत्येक भागाकडून पुरेपूर करून घेतलं जातं. त्यामुळे एकाही भागाकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

हे मला नीट कळलं ते ब्रँड्स हॅचला. केंटमधला हा ट्रॅक, त्याचा छोटा म्हणजे इंडी सर्किट दोन किलोमीटरला जरासा कमी. मी गेलो होतो 'ट्रॅक डे'ला, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर चालवायच्या दिवसाला. ट्रॅकडे म्हणजे शर्यत नव्हे, हे आधी सांगतो. वेळ लावायची नाही, पुढच्यानं वाट दिली तरच ओव्हरटेक करायचं, सकाळी सूचना ऐकायच्या, पहिले दोन-तीन राउंड हळू मारून ट्रॅक पाहून घ्यायचा. सरळ पट्टा संपला की पॅडक हिल बेंड येतो. उजवं वळण, आणि वळता वळता रस्ता पायाखालून निसटल्यासारखा खाली उतरतो. तळाशी गाडी दबते, लगेच चढ लागतो आणि चढाच्या माथ्यावर ड्रुइड्स नावाचं अगदी चिंचोळं वळण. दुपारी चौथ्या फेरीत ड्रुइड्सच्या आधी ब्रेक दाबला आणि पेडल थेट खाली गेलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पंप मारला तेव्हा निम्मं वर आलं. गाडी वळणाच्या बाहेरून गवतात जाऊन थांबली. कुणाला लागलं नाही, गाडीलाही काही झालं नाही. पण पुढचा तासभर माझे हात कापत होते.

कारण शोधायला वेळ लागला नाही. ब्रेक ऑइल दोन वर्षं बदललेलं नव्हतं. डॉट 4 दर्जाचं हे ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, गाडी गॅरेजमध्ये नुसती उभी असली तरी. इंग्लंडच्या ओल्या हिवाळ्यात तर विचारू नका. नव्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. तेच पाणी प्यायलेलं असेल तर मानक सांगतं किमान 155. पंचाहत्तर अंशांचा फरक. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि तुमच्या पायाचा जोर डिस्कला धरणाऱ्या ब्रेक पॅडपर्यंत पोचतच नाही.

आता हिशेब करा. गाडी आणि मी मिळून 625 किलो, वेग ताशी 160. गतिज ऊर्जा सव्वासहाशे किलोज्यूलच्या जवळ येते. तेवढ्या उष्णतेत दोन लिटरला थोडं कमी नळाचं पाणी उकळीला येतं. एकदा पूर्ण थांबलात की एवढी उष्णता त्या चार लहानशा डिस्कमध्ये गेली. ट्रॅकवर पूर्ण थांबत नाही, पण दर राउंडला पुन्हा पुन्हा जोरात ब्रेक लागतो, थंड व्हायला पुरता वेळ मिळत नाही. तेव्हापासून सीझनच्या सुरुवातीला सीलबंद डब्यातलं नवं ऑइल, आणि प्रत्येक ट्रॅकडेच्या आधी चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढायची. उरलेला अर्धा डबा पुढच्या वर्षी वापरायचा नाही. आपल्याकडं तो ठेवून देण्याची सवय आहे, माझ्या घरीही होती.

पेडलला स्पंजसारखं लागायला लागलं की त्याच राउंडला आत यायचं. शेवटचा राउंड थंडपणे, ब्रेक जवळजवळ न लावता. आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबवायच्या जागी, थांबल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेले पॅड डिस्कला एकाच जागी चिकटून राहतात. गिअरमध्ये ठेवा, चाकाला लाकडी ठोकळा लावा.

आता गॅरेजमधलं काम. ट्रॅकडेच्या दुसऱ्या दिवशी गाडी स्टँडवर चढते. नुसत्या जॅकवर कधीही नाही, इथं बसलेल्या प्रत्येकानं हे ऐकावं. चाकं काढायची आणि सस्पेन्शनचा प्रत्येक बोल्ट पाहायचा. मी टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरावीक जोरानं आवळायच्या पान्यानं, आवळल्यावर नटावरून शेजारच्या ब्रॅकेटवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. नायलॉनचं लॉक नट एकदा काढलं की नवंच घालतो. नट बसताना त्याची पकड आट्यावर हाताला जाणवली पाहिजे, बोटानं सहज फिरलं तर ते टाकून द्यायचं.

मग पत्रा. अॅल्युमिनियमचे पत्रे सांगाड्याला रिव्हेटनं जोडलेले असतात. रिव्हेट सैल झाला की तो पडत नाही, जागच्या जागी हलत राहतो आणि त्याच्याभोवती राखाडी-काळी भुकटी जमते, काजळ फिस्कटल्यासारखी. कापडानं पुसायची, पुढच्या वेळी पुन्हा दिसली तर तिथला सांगाडा का हलतोय ते शोधायचं. नळ्यांच्या जोडाजवळ रंगावर केसासारखी तांबूस रेघ दिसली तर नखानं खरवडा. गंज वरवरचा असेल तर निघतो. रेघ तशीच राहिली तर नळीला चीर गेलेली असू शकते, गाडी तिथंच थांबवायची आणि वेल्डिंगवाल्याला दाखवायची. इथं मला वडिलांचं बोट फिरवणं आठवतं. टॉर्चनं जे दिसत नाही ते बोटाला लागतं.

चाक वर-खाली धरून हलवायचं, मग आडवं धरून हलवायचं. वर-खाली हलवताना प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला तर बहुधा बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवं हलवताना लागला तर स्टिअरिंगचे जोड. एकाला चाक हलवायला लावून दुसऱ्यानं जोडावर बोट ठेवायचं, कुठं खटखट होते ते लगेच कळतं. हा पाहा, मागच्या सस्पेन्शनचा रबराचा बुश, म्हणजे जोडातली पुंगळी, मी पिशवीतून आणलाय. हातोहात फिरवा. शेजारी नवा आहे. जुना वाकवलात की कडेच्या चिरा उघडतात. हा बसवलेला होता तेव्हा गाडी ब्रेक लावताना सरळ जायची आणि अॅक्सिलरेटर दाबला की किंचित डावीकडे ओढायची. मी दोन ट्रॅकडे स्वतःच्या चालवण्याला दोष देत राहिलो.

मघाशी चहाच्या वेळी एकीनं विचारलं, "सर, मग चालवायला शिकायचं कधी?" मी चालवण्याबद्दलच बोलतोय. पॅडक हिलला गाडी खाली टाकताना मागचं टोक जरासं हललं, तर ते रस्त्यामुळं की माझ्या पायामुळं की बुशमुळं, हे पाठीला कळावं लागतं. सेव्हनमध्ये तुम्ही मागच्या चाकांच्या अगदी पुढ्यात बसता, त्यामुळे टायर घसरायला लागल्याचं आधी पाठीला कळतं. गाडी ठीक आहे याची खात्री असेल तरच त्या संवेदनेवर विश्वास ठेवता येतो.

बाकी तंत्र तुम्हाला माहीत आहे. ब्रेक सरळ रेषेत, सुरुवातीला ठाम आणि मग हळूहळू पाय उचलत, कारण एबीएस नाही आणि वेग उतरतो तसं चाक लॉक व्हायला लागतं. स्टिअरिंग घट्ट आवळून धरायचं नाही. वळणात मध्येच अॅक्सिलरेटर सोडायचा नाही: वजन पुढं जातं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी गिरकी घेते. लांब पट्ट्यावर मोठ्या गाड्या तुम्हाला मागं टाकतील, कारण उघडी चाकं आणि उभे दिवे यांना हवा फार अडवते. त्यांना जाऊ द्या. वळणात तुम्ही त्यांना गाठताच.

टायरचं एक सांगायचं राहिलं. थंड असताना मी हवेचा दाब 18 पीएसआय ठेवतो. ऐकून लोक दचकतात, कारण स्विफ्टमध्ये आपण तीसच्या आसपास भरतो. पण एवढ्या कमी वजनाखाली तीस भरलं तर टायर मधोमध फुगून टेकतो आणि पुरेसा तापतही नाही. ट्रॅकवरून आल्या आल्या गरम टायरचा दाब मोजून वहीत लिहायचा. सायलेन्सरमधली ग्लासवूलही तपासा. ती जळून गेली की आवाज वाढतो, आणि तिकडं सकाळी डेसिबल मीटरवर नापास झालात तर गाडी ट्रॅकवर जात नाही. आजूबाजूला लोक राहतात, मला तो नियम योग्यच वाटतो.

शेवटचं काम वजन आणि चाकांच्या रेषेचं. साडेपाचशे किलोंच्या गाडीत 75 किलोंचा माणूस एका बाजूला बसला की चारही चाकांवरचा भार बदलतो. म्हणून चार वजनकाटे चाकांखाली घालून, चालवणाऱ्याला आत बसवून, मगच स्प्रिंगची उंची लावायची. माणूस नसला तर त्याच्या वजनाची वाळूची पोती ठेवा. चाकांच्या रेषेला तर महाग यंत्रही लागत नाही. गवंडी भिंत उचलताना लावतो तशी दोरी गाडीच्या दोन्ही बाजूंनी समांतर ताणायची आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीनं मोजायचं. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही सापडतो. तुमची गाडी बाहेर उभी आहे. चार खुर्च्या आणि नायलॉनच्या दोरीचं एक बंडल आणा, तिच्यावरच करून दाखवतो.